लाँड्रीतला प्रकटीकरणाचा रविवार

आमच्या चर्चच्या मंडळीच्या स्वागत समितीचा मी अध्यक्ष आहे. समितीत सध्या दुसरं कुणी नाही. पूर्वी होते, पण माझ्या अध्यक्षतेखाली एकेक करून गळाले. त्यामुळे बैठका वेळेवर होतात आणि सगळे ठराव एकमताने पास होतात.

काम तसं सोपं आहे. रविवारी उपासनेच्या आधी छातीवर निळी फीत लावून चर्चच्या दारात उभं राहायचं, येणाऱ्याकडे बघून हसायचं आणि हाताने आत दाखवायचं. नवीन माणूस दिसला की मी म्हणतो, "डावीकडे जागा आहे." उजवीकडे जुन्या कुटुंबांच्या ठरलेल्या जागा असतात. तिथे चुकून कुणी नवखा बसला, तर मागचं आख्खं कुटुंब सगळी उपासना त्याच्या मानेकडे बघत काढतं. ते टाळायचं म्हणजे माणूस डावीकडे वळवायचा. हे मला फार छान जमतं, असं माझं मत. बायको म्हणते, "तुम्ही दारात उभे असलात ना, की तिकीट तपासायला उभे असल्यासारखे दिसता."

माझा धंदा पडद्यांचा. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, कापडाचे नमुने पसरायचे, शिवून आणायचं आणि टांगायचं. या धंद्याने मला दोन खोडी लावल्या. कुणाच्याही घरात शिरलो की माझं लक्ष आधी खिडकीकडे जातं, माणसांकडे नंतर. आणि कापडाच्या बाबतीत मला कुणी काही शिकवलेलं खपत नाही.

नाताळ सरला की आमच्याकडे प्रकटीकरणाचा सण येतो. पूर्वेकडचे ज्ञानी लोक ताऱ्याच्या मागोमाग चालत आले आणि त्यांनी बाळ येशूला पाहिलं, म्हणजे देवाने स्वतःला परक्यांसमोरही उघड केलं, त्याची ही आठवण. नाताळाची धामधूम नुकतीच संपलेली असते, गाणारे घसा बसून घरी पडलेले असतात, म्हणून या सणाकडे फारसं कुणी बघत नाही. मी बघतो, कारण त्या दिवशी मी राजा असतो.

छोटंसं नाटुकलं असतं. ते ज्ञानी लोक त्यात तीन राजे होऊन येतात, सोनं, ऊद आणि गंधरस अशा तीन भेटी ठेवतात, वाकतात, जातात. सोन्याची पेटी माझ्याकडे असते. ती मलाच का, असं दर वर्षी कुणीतरी विचारतं, आणि दर वर्षी मी आठवण करून देतो की तिन्ही झगे मी शिवले आहेत. एका सभागृहाची ऑर्डर रद्द झाली होती, तिच्या मरून मखमलीचा माझा झगा. धाकटा मेहुणा दुसरा राजा. तो दातांचा डॉक्टर आहे. त्याचा झगा न्हाणीघराच्या पडद्याचा आहे, त्यावर बारीक मासे आहेत. तो म्हणतो, "दाजी, उदाची पेटी घेऊन मासे चालत आले असं वाटतं." मी म्हणतो, लांबून दिसत नाहीत.

या वर्षी आमच्या चर्चच्या पाळकबाईंनी मला थांबवून विचारलं, "या रविवारी मी प्रवचन थोडक्यात आटोपते. मंडळीतल्याच कुणीतरी बोलावं असं मनात आहे. या सणाचा आपल्या एकत्र जगण्याशी काय संबंध, एवढंच. तुम्ही बोलाल?"

"मी?" मी म्हणालो. नम्रपणे म्हणालो. पण भाषणाची सुरुवात डोक्यात तेव्हाच जुळली होती, हे बाईंना बहुधा दिसलं असावं, कारण त्या लगेच म्हणाल्या, "थोडक्यात हं."

विषय ठरला: आपलं दार परक्यासाठी उघडं ठेवा. स्वागत समितीच्या अध्यक्षाला याहून चांगला विषय कुठला? मी दुकानात कापड कापताना भाषण म्हटलं, गाडी चालवताना म्हटलं, शिडीवर चढून पडद्याचा दांडा ठोकता ठोकता एका गिऱ्हाईक बाईंनाही ऐकवलं. त्यांना शिडी धरून उभं राहणं भाग होतं. भाषणाच्या शेवटी एक वाक्य होतं: "परका माणूस दारात आला म्हणजे आपल्या दारात ताराच आला." हे मला इतकं आवडलं होतं की त्याच्यानंतर थोडा वेळ गप्प राहायचं, लोकांना ते पचू द्यायचं, असंही मी ठरवून टाकलं होतं.

आता लाँड्रीबद्दल सांगायला हवं. चर्चच्या भिंतीला लागूनच एक लाँड्री आहे. हॉस्पिटलच्या चादरी, लॉजचे टॉवेल, असं मोठ्या कामाचं ठिकाण. एक वहिनी ती चालवतात, त्यांचे मिस्टर गाडीतून माल पोचवतात. रविवारी सकाळी तिथली मशिनं चालू असायची, आणि आमची मूक प्रार्थना सुरू झाली की नेमकी कपडे पिळायची पाळी यायची. भिंत घुमायची, बाईंच्या समोरच्या पेल्यातलं पाणी थरथरायचं. शेवटी नाताळाच्या आधी मी समितीतर्फे लाँड्रीत गेलो. फीत लावूनच गेलो. दारात उभा राहून अतिशय गोड शब्दांत मी सांगितलं की, आमच्या लोकांना तेवढा वेळ शांतता मिळाली तर बरं होईल. वहिनींच्या हातावर चादरींची चळत होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाल्या. पुढच्या रविवारपासून भिंत गप्प झाली. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या. शेजाऱ्यांशी संवाद कसा साधावा यावर मी तिथे चार शब्द बोललोही.

प्रकटीकरणाच्या रविवारी मी घरूनच राजा होऊन निघालो. दाढी गोंदाने चिकटवलेली, अंगावर मखमल, मखमलीवर निळी फीत. बायको गाडीत शेजारी बसली होती. ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे तिला कशाचंच फार आश्चर्य वाटत नाही. सिग्नलला शेजारच्या गाडीतली माणसं बघायला लागली तेव्हा तिने काच वर केली, एवढंच.

चर्चपाशी पोचलो तर फाटकाबाहेर घोळका. पाळकबाई साडी खोचून उभ्या होत्या, पाय घोट्यापर्यंत ओले. गच्चीवरची पाण्याची टाकी फुटली होती. छतातून पाणी उतरलं होतं, बाकांखाली तळं झालं होतं, दिव्यांच्या तारांतून थेंब गळत होते. आत जायची सोय नव्हती.

"लोकांना सांगावं लागेल," बाई म्हणाल्या.

सांगायचं काम अर्थातच माझं. मी फाटकात उभा राहिलो आणि येणाऱ्या प्रत्येकाला हसून सांगू लागलो, "आज उपासना नाही. घरी जा." झगा, दाढी, फीत, आणि हाताने परतीचा रस्ता दाखवणं. बायको हळूच म्हणाली, "आज अगदी मनासारखं काम मिळालं तुम्हाला."

तेवढ्यात लाँड्रीच्या वहिनी बाहेर आल्या. काय झालं विचारलं. बाईंनी सांगितलं.

"मग आमच्याकडे बसा की," वहिनी म्हणाल्या. "आत्ता मोकळंच आहे."

"नाही नाही," मी पुढे झालो. "आम्ही बरेच जण आहोत हो. उगाच तुम्हाला त्रास. शिवाय आमचं ते नाटुकलं, भाषण, म्हणजे त्याला जरा तशी जागा..."

"येतो आम्ही," पाळकबाई म्हणाल्या. "फार उपकार झाले." माझं वाक्य तसंच हवेत राहिलं.

लाँड्रीत मी पहिल्यांदाच आत शिरलो. ऊब होती, साबणाचा आणि गरम कापडाचा वास होता. एका भिंतीला गोल काचांची मोठी मशिनं, मधे इस्त्रीचं लांबलचक टेबल, आणि वर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरांवर पांढऱ्या चादरी. सवयीने मी खिडकी शोधली. एकच होती, वर, छोटी, तिला पडदा नव्हता. मी मनातल्या मनात माप घेतलं आणि मग सवयीनेच दारात जाऊन उभा राहिलो. लोक यायला लागले होते. स्वागत करणं भाग होतं.

"तुम्ही कोण?" मागून आवाज आला. इस्त्रीच्या टेबलाशी खुर्चीत एक म्हाताऱ्या आजी काठी धरून बसल्या होत्या. वहिनींच्या सासूबाई.

"मी स्वागत समितीचा अध्यक्ष."

"काय?"

"स्वागत समितीचा," मी मोठ्याने म्हणालो.

"बरं. दारातून बाजूला व्हा. लोकांना आत येता येईना."

मग त्यांनी बसल्या जागेवरून स्वतःच सगळ्यांना आत घेतलं. "या, या. त्या गाठोड्यांवर बसा, ती धुतलेली आहेत. तिकडे नको, ते मळके कपडे आहेत. अगं, तू बाळ घेऊन इकडे ये, इथे ऊब आहे." डावं-उजवं काही राहिलंच नाही. उजव्या बाजूच्या सगळ्यात जुन्या कुटुंबातल्या मोठ्या बाई, ज्यांच्या बाकाला मी स्वतः गादी शिवून दिली आहे, त्या टॉवेलच्या गाठोड्यावर जाऊन बसल्या. त्यांच्या शेजारी एक माणूस बसला, ज्याला मी वर्षभर डावीकडे पाठवत आलो होतो. मला आजींनी एक बादली उपडी घालून दिली.

नाटुकलं झालं. तिन्ही राजे लटकत्या चादरींमधून निघाले, आणि खरं सांगायचं तर चर्चपेक्षा ते जास्त शोभलं. फक्त माझा झगा कपड्यांच्या ढकलगाडीच्या चाकात गेला. "दाजी, झगा," मेहुणा पुटपुटला, पण मी राजाला शोभेल असं पुढे पाऊल टाकलं होतं. मखमल फाटल्याचा आवाज कापडाच्या धंद्यातल्या माणसाला दुरूनही ओळखू येतो. मी ओळखला आणि सोन्याची पेटी खाली ठेवली.

मग भाषण. मी बादलीशेजारी उभा राहिलो.

"बंधू-भगिनींनो, फार पूर्वी पूर्वेकडून काही ज्ञानी लोक आले..."

"मोठ्याने बोला," आजी म्हणाल्या.

मी मोठ्याने बोललो. "पूर्वेकडून काही ज्ञानी लोक आले."

"म्हणजे तिथले नव्हते?"

"नाही. परके होते. लांबचे." भाषणात हा भाग पुढे होता, पण म्हटलं घेऊ आधी. "भाषा वेगळी, धर्म वेगळा."

"मग त्यांना घर कसं सापडलं?"

"तारा होता पुढे. तरी आधी ते चुकून राजवाड्यात गेले. त्यांना वाटलं, राजा जन्मलाय तर राजवाड्यातच असणार."

"बरोबर आहे," आजी म्हणाल्या. "मलाही तसंच वाटलं असतं. मग?"

मला भाषणात राजवाड्याकडे जायचंच नव्हतं. पण आजी पुढे झुकून बसल्या होत्या, आणि ही गोष्ट त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या हे स्पष्ट दिसत होतं. ज्याला गोष्टीत पुढे काय होणार हे खरंच माहीत नाही, अशा माणसाला ती सांगण्याचा प्रसंग माझ्यावर कधी आलाच नव्हता. "मग तिथल्या राजाने शास्त्री बोलावले," मी म्हणालो. "शास्त्र्यांनी ग्रंथात बघून गाव सांगितलं."

"शास्त्र्यांना गाव माहीत होतं?"

"हो. पाठच होतं त्यांना."

"लांब होतं का?"

"नाही. जवळच. चालत जाण्यासारखं."

"मग गेले ना ते बघायला?"

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकली आहे, तिचे झगे शिवले आहेत, राजा होऊन तिच्यात चाललो आहे. शास्त्री गेले का, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

"नाही," मी म्हणालो. "गेल्याचं दिलेलं नाही."

"का?"

"ते... दिलेलं नाही."

आजींनी काठीवर हनुवटी टेकवली. "म्हणजे ते परके एवढ्या लांबून आले," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि ज्यांना ठाऊक होतं ते पत्ता सांगून बसून राहिले."

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच त्या शास्त्र्यांचं नवल वाटत होतं. पण माझ्या बायकोने तोंडावर पदर धरला, आणि मेहुणा एकदम आपल्या झग्यावरचे मासे न्याहाळायला लागला. माझा उजवा हात भाषणाच्या भरात पुढे झाला होता. बोटं डावीकडे. दारात असतो तसाच. मी तो खाली घेतला.

आता शहाण्या माणसाने इथे बसायला हवं होतं. पण ते शेवटचं वाक्य मी इतके दिवस जपलं होतं की मला ते सोडवेना. "तर सांगायचं एवढंच," मी म्हणालो, "परका माणूस दारात आला म्हणजे आपल्या दारात ताराच आला." आणि ठरल्याप्रमाणे गप्प राहिलो.

त्या शांततेत आजींनी मला वरून खालपर्यंत बघितलं. दाढी, फीत, फाटलेली मखमल. दार त्यांचं होतं. परका म्हणून आलेला त्या खोलीत मीच होतो.

"बसा आता," त्या मायेने म्हणाल्या. "दमला असाल."

लोक हसले. सगळे हसले. मी पण हसलो, कारण दाढीतून दुसरं काही करता येत नव्हतं.

पाळकबाई उठल्या. त्यांनी मला सावरून वगैरे घेतलं नाही. त्या म्हणाल्या, "ही गोष्ट आपण नेहमी घराच्या आतून ऐकतो. जणू घर आपलं, आणि बाहेरचे आपल्याकडे आले. पण आपल्यातलं कुणीच त्या घरात जन्मलेलं नाही. आपण सगळे बाहेरून आलेलो. कुणीतरी या म्हणालं म्हणून आत आहोत. आज ते जरा जास्त नीट कळलं, कारण आज बूड टेकायला गाठोडंसुद्धा दुसऱ्याचं आहे." एवढंच बोलून त्यांनी प्रार्थना केली. थोडक्यात कसं बोलायचं ते मला तेव्हा कळलं, पण उशिरा.

प्रार्थना संपली आणि 'आमेन' म्हणता म्हणताच वहिनींनी बाह्या वर सारल्या. मशिनं सुरू झाली. मिस्टर चादरी ओढून काढायला लागले, वहिनी टेबलावर घड्या घालायला लागल्या. दोघांचेही हात असे चालत होते की बघणाऱ्याला धाप लागावी.

मी आभार मानायला गेलो. "रविवारी पण एवढी घाई?"

"हॉस्पिटलला दुपारी चादरी पोचाव्या लागतात," वहिनी मान वर न करता म्हणाल्या. "वॉर्डातले पलंग बदलायचे असतात. पूर्वी सकाळीच उरकायचो. आता तुमची उपासना संपली की सुरू करतो, म्हणून जरा पळापळ होते."

"आता म्हणजे कधीपासून?"

"तुम्ही येऊन सांगून गेलात ना, तेव्हापासून."

आवाजात तक्रार नव्हती. उशीच्या अभ्र्यांचा गठ्ठा बांधता बांधता त्यांनी ते सांगितलं. ही खोली मोकळी होती म्हणून आम्हाला बसायला मिळालं, आणि मोकळी का होती, तर मी मोकळी करवली होती. वर त्याच्यासाठी टाळ्या घेतल्या होत्या.

"पण तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत," मी म्हणालो. या वाक्यात काय अर्थ आहे, ते तोंडातून निघाल्यावर मला कळलं.

"आत या म्हणणारच होते," वहिनी म्हणाल्या. "चहा टाकला होता. पण तुम्ही दारातच उभे राहिलात, बोललात आणि गेलात."

पाळकबाई मागे उभ्या होत्या, मला दिसल्या नव्हत्या. "पुढच्या रविवारपासून मशिनं चालू ठेवा," त्या वहिनींना म्हणाल्या.

"तुमच्या लोकांना आधी विचारा की."

"विचारते," बाई म्हणाल्या. "हे अध्यक्ष समजावून सांगतील सगळ्यांना. शेजाऱ्यांशी संवाद साधायचं काम यांच्याकडेच आहे." माझ्याकडे न बघता म्हणाल्या, हे त्यांचे उपकार.

मला काहीतरी बोलायचं होतं. क्षमा मागायची होती, पण माझ्याकडे शब्द असले की ते फार होतात, हे त्या सकाळी पुरेसं सिद्ध झालं होतं. मी दोरावरची एक चादर ओढली आणि घडी घालायला लागलो. मेहुण्याने दुसरं टोक धरलं. ते बघून बायको आली, मग गाठोड्यांवरून एकेक जण उठला. कुणी कुणाला सांगितलं नाही.

कापडाची घडी म्हणजे माझा हातखंडा. पण हॉस्पिटलच्या काही चादरींना कडेने इलास्टिक असतं, आणि ती चादर कुठूनही धरली तरी तिला कोपरा सापडत नाही. मी तिच्याशी बराच वेळ झुंजलो. शेवटी जे तयार झालं ते मी टेबलावर ठेवलं.

"हे काय," आजी म्हणाल्या, "बाळ गुंडाळलंय का?"

वहिनींनी ते उलगडलं आणि कोपऱ्यात कोपरा घालून परत घडी घातली. मी शिकलो. कापडाच्या बाबतीत कुणीतरी मला शिकवलं आणि मला ते खपलं, याची नोंद बायकोने तिथल्या तिथे मेहुण्याकडे केली.

मग माझ्या समोरचं टोक त्या डावीकडच्या माणसाच्या हातात आलं. बोलता बोलता कळलं की तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो, त्याची आई त्याच्याकडेच असते, आणि उपासनेला तो एकटाच येतो कारण बायकोची नर्सिंगची ड्यूटी असते. घडी घालून झाल्यावर तो पाळकबाईंकडे बघत म्हणाला, "आवाजावरून मला त्या बऱ्याच वयस्कर वाटायच्या."

"म्हणजे? तुम्ही वर्षभर बघताय की त्यांना."

"डावीकडे खांब आहे हो मधे. त्याच्या मागून काही दिसत नाही."

"मग सांगायचं नाही का? दुसरीकडे बसायचं."

"तुम्ही हात डावीकडे दाखवायचात," तो म्हणाला. "मला वाटलं, इथली तशी रीत असेल."

मी पुढची चादर घेतली. टॉवेलच्या गाठोड्यावरच्या त्या मोठ्या बाई आता इस्त्रीशी उभ्या राहून दोघा-तिघांना अभ्रे कसे सपाट करायचे ते दरडावून सांगत होत्या. कुणीतरी गाणं धरलं होतं. मशिनं पिळायच्या पाळीला आली, सगळी खोली घुमायला लागली, तर गाणारे वरच्या पट्टीत गेले.

माल एकदाचा आवरला, पण गाडीत चढवायला आणि तिकडे उतरवायला माणसं कमी होती. मी आणि मेहुणा गेलो. झगा काढून जायचा विचार मनात आला होता, पण आत फक्त जुना बनियन होता. राजाला आपला झगा भर दिवसा उतरवावा लागेल, असं सकाळी कुणाच्या डोक्यात येणार? दाढीही ओढून बघितली. पडद्याच्या अस्तराचा गोंद होता तो, चांगल्या प्रतीचा.

हॉस्पिटलच्या मागच्या फाटकातून आम्ही गठ्ठे ढकलगाडीवर घालून लिफ्टने वर गेलो. वॉर्डाच्या दाराशी नर्स उभी होती.

"आज उशीर," ती म्हणाली.

"हो," वहिनींचे मिस्टर म्हणाले. "आज आमच्याकडे माणसं आली होती."

ती माणसं म्हणजे आम्ही. मिस्टरांनी ते इतक्या साधेपणाने सांगितलं, घरी पाहुणे आल्यावर सांगावं तसं. नर्सने मेहुण्याच्या झग्यावरच्या माशांकडे आणि माझ्या दाढीकडे पाहिलं, काही विचारणार होती, पण तिला काम होतं. "तो खिडकीकडचा पलंग आधी करा," ती म्हणाली. "कधीचे खोळंबलेत ते."

खिडकीपाशी एक आजोबा खुर्चीत बसून होते. हाताला सलाईन, मांडीवर काठी, शेजारी उघडी गादी. चादर येईपर्यंत त्यांना खुर्चीत बसवून ठेवलं होतं. किती वेळ, ते मी विचारलं नाही. खिडकीचा पडदा दोन कड्यांतून निसटलेला होता, तेही मला दिसलं, पण या वेळी माणसाच्या नंतर दिसलं.

मी चादर झटकून पसरली. इलास्टिकवाली होती. कोपऱ्यात कोपरा.

आजोबा माझ्याकडे बघत होते. "तुम्ही कोण?" त्यांनी विचारलं.

या प्रश्नाला माझ्याकडे नेहमी उत्तर तयार असतं. अध्यक्ष म्हणून असतं, पडदेवाला म्हणून असतं, त्या दिवशी तर राजा म्हणूनही होतं. मेहुणा खोकला. त्याला वाटलं, आता दाजी सुरू होणार.

"लाँड्रीतून आलोय," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. एवढं त्यांना पुरलं. मग काठीच्या टोकाने पायथ्याकडे दाखवत म्हणाले, "तो कोपरा नीट खोचा. रात्री सुटतो."

मी खाली वाकून कोपरा खोचला. नर्स आणि मेहुण्याने त्यांना उठवून पलंगावर बसवलं, आणि बसल्या बसल्या त्यांनी हाताने चादर दाबून पाहिली. मग दुसऱ्या बाजूचाही कोपरा खोचायला सांगितला.